लॅपटॉपची बदली हार्ड डिस्क : एका कप्प्याचा इतिहास

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात :
१. लॅपटॉपमधील डिस्कचा आकार, जाडी आणि जोडणी कशी ठरत गेली;
२. क्षमतेच्या मर्यादा कोठून आल्या व त्या कशा ओलांडल्या गेल्या;
३. हाती असलेल्या लॅपटॉपसाठी बदली डिस्क निवडताना कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत.

१. प्रस्तावना

लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडली आणि आपण दुकानात गेलो, की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "मॉडेल कोणते?" मॉडेलच्या क्रमांकावरून त्याला यंत्राचे वय कळते, आणि वय कळले की आत कोणता कप्पा व कोणता कनेक्टर असेल हे त्याला न उघडताही सांगता येते. डिस्कचा आकार, जाडी, पिनांची संख्या, क्षमतेची कमाल मर्यादा या सर्व गोष्टी त्या-त्या काळी उत्पादकांनी आपसात केलेल्या करारांतून ठरल्या आहेत. आज आपण निवड करतो ती या करारांच्या चौकटीत.

हा विषय आपल्याकडे महत्त्वाचा आहे, कारण आपल्या वर्गांतील बरेच लॅपटॉप नवे नसतात. काही वापरलेले विकत घेतलेले असतात, काही मोठ्या भावंडाकडून आलेले असतात. तमिळनाडू सरकारने २०११ पासून आणि उत्तर प्रदेश सरकारने २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले. त्या पिढीतील यंत्राचा प्रोसेसर अजून कामाचा असतो, पडदा ठीक असतो. आधी दमते ती फिरणारी डिस्क. योग्य बदली डिस्क मिळाली तर ते यंत्र आणखी काही वर्षे चालते. चुकीची आणली तर पैसे जातात, आणि पुष्कळदा चांगले यंत्र भंगारात जाते.

२. मोठ्या तबकडीकडून लहान तबकडीकडे

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतून १९५६ मध्ये रॅमॅक यंत्रणेची ३५० क्रमांकाची डिस्क बाहेर पडली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि ५० लाख अक्षरे मावत. ती उचलून नेण्याची वस्तू नव्हती; तिच्यासाठी खोली लागे.

पुढची तीस वर्षे तबकडी लहान होत गेली. १९८० मध्ये सीगेट कंपनीने, जिचे नाव तेव्हा शुगार्ट टेक्नॉलॉजी होते, ५.२५ इंची एसटी-५०६ ही ५ एमबीची डिस्क आणली. ती वैयक्तिक संगणकात बसू लागली. १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने ३.५ इंची डिस्क आणली. परंतु लॅपटॉपसाठी तीही जड होती. तोशिबाचा १९८५ चा टी-११०० हा लॅपटॉप केवळ फ्लॉपीवर चालत असे. १९८६ च्या टी-३१०० मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली, पण ते यंत्र बॅटरीवर चालत नसे. त्याला भिंतीतील वीजच लागे.

लॅपटॉपला तीन गोष्टी हव्या होत्या : कमी वजन, कमी वीज आणि धक्का सोसण्याची ताकद. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या प्रेअरीटेक या लहानशा कंपनीने २.५ इंची डिस्क तयार केली. तिची क्षमता होती २० एमबी. १९९० मध्ये कॉनर पेरिफेरल्स या मोठ्या कंपनीने त्याच आकाराची डिस्क आणून बाजार ताब्यात घेतला. १९९१ मध्ये प्रेअरीटेकचे दिवाळे निघाले आणि १९९६ मध्ये कॉनर सीगेटमध्ये विलीन झाली. कंपन्या गेल्या, पण त्यांचा आकार राहिला. सुमारे १०० मिलिमीटर लांब आणि ७० मिलिमीटर रुंद हा २.५ इंची डिस्कचा ठसा पुढे जवळजवळ सर्व उत्पादकांनी स्वीकारला. तिला केवळ ५ व्होल्टचा पुरवठा पुरतो, डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला मोटरसाठी १२ व्होल्टही लागतात. डेस्कटॉपची डिस्क लॅपटॉपमध्ये चालत नाही याचे आकाराखेरीज हेही एक कारण आहे.

काही फार पातळ लॅपटॉपांत १.८ इंची डिस्क वापरली गेली. २००८ चा पहिला मॅकबुक एअर हे त्याचे ठळक उदाहरण. हा आकार फार दिवस टिकला नाही, आणि अशा यंत्रांना बदली डिस्क मिळवणे आज अवघड आहे. ज्या आकारावर सर्वांचे एकमत झाले नाही त्याचे सुटे भाग लवकर संपतात.

३. जाडीचा प्रश्न

लांबी-रुंदी ठरली, तरी जाडी बदलत राहिली. २.५ इंची डिस्क १९, १७, १२.५, ९.५, ७ आणि शेवटी ५ मिलिमीटर अशा जाडींत आल्या. जाडी मुख्यतः तबकड्यांच्या संख्येवर ठरते. दीर्घकाळ ९.५ मिलिमीटर हे लॅपटॉपचे रूढ माप होते आणि त्यात साधारणपणे दोन तबकड्या बसत. २०१० नंतर पातळ लॅपटॉपांची लाट आली आणि ७ मिलिमीटरचा कप्पा रूढ झाला.

येथे नियम सोपा आहे. जाड कप्प्यात पातळ डिस्क बसते. सैल वाटली तर प्लॅस्टिकची चौकट लावून ती घट्ट करता येते. पातळ कप्प्यात जाड डिस्क बसत नाही. बाजारात ४ किंवा ५ टीबीच्या २.५ इंची डिस्क दिसतात, त्यांची जाडी १५ मिलिमीटर असते. त्या यूएसबीच्या बाह्य डब्यांसाठी केलेल्या आहेत. स्वस्त मिळाली म्हणून बाह्य डब्यातली डिस्क काढून लॅपटॉपमध्ये घालण्याचा बेत कित्येकदा येथेच फसतो. शिवाय काही बाह्य डिस्कच्या सर्किटवर साटा कनेक्टरऐवजी थेट यूएसबीचाच कनेक्टर जडवलेला असतो.

४. जोडणी : पाटापासून साटापर्यंत

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या प्रयत्नातून डिस्कचे नियंत्रक सर्किट खुद्द डिस्कवरच बसवण्याची पद्धत आली. तिला आयडीई म्हणू लागले. १९९४ मध्ये हीच पद्धत एटीए या नावाने अधिकृत मानक झाली. डेस्कटॉपला ४० पिना होत्या व विजेचा कनेक्टर वेगळा होता. लॅपटॉपमध्ये जागा नसल्याने पिना जवळ आणून त्यांतच वीज दिली. म्हणून लॅपटॉपच्या जुन्या डिस्कला ४४ पिना दिसतात.

२००३ मध्ये साटा मानक आले. समांतर तारांऐवजी एकामागोमाग बिट पाठवणारी ही पद्धत होती. संकेतासाठी ७ आणि विजेसाठी १५ संपर्क, आणि लॅपटॉप व डेस्कटॉप दोन्हींना एकच कनेक्टर. वेग तीन टप्प्यांत वाढला : सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट. शेवटचा टप्पा २००९ चा. प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागत असल्याने प्रत्यक्ष कमाल वेग अनुक्रमे १५०, ३०० आणि ६०० एमबी इतका येतो. नवी साटा डिस्क जुन्या साटा यंत्रात लावली, की सामान्यतः दोघांत जो वेग कमी तो ठरतो आणि काम चालते. पाटा आणि साटा यांत मात्र असा मेळ नाही. त्यांचे कनेक्टरच वेगळे आहेत.

संक्रमणकाळातील यंत्रे विशेष जपून हाताळावीत. २००५ च्या थिंकपॅड टी-४३ मध्ये चिपसेट साटाचा होता, पण डिस्क ४४ पिनांची पाटा होती. मध्ये भाषांतर करणारी एक चिप होती. या चिपशी तपासून न घेतलेली डिस्क लावली, तर यंत्र सुरू होताना २०१० क्रमांकाची सूचना पडद्यावर येई. डिस्क चांगली, कनेक्टर बरोबर, तरी यंत्र तक्रार करते, असा हा प्रकार. दोन मानकांच्या सीमेवर बनलेल्या यंत्राच्या बाबतीत त्याच मॉडेलवर इतरांनी काय बसवले आहे ते आधी पाहावे, ही शिकवण यातून घ्यावी.

५. क्षमतेच्या भिंती

"जुन्या लॅपटॉपला मोठी डिस्क चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी पत्ता लिहिण्याची पद्धत पाहावी लागते.

सुरुवातीला सेक्टरचा पत्ता तीन आकड्यांनी दिला जाई : सिलिंडर, हेड, सेक्टर. बायोसने या तिघांना अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिट दिले होते. एटीए मानकाने त्यांनाच १६, ४ आणि ८ बिट दिले. बायोसची पद्धत एकटी वापरली तर सुमारे ८.४ जीबीपर्यंत जाता येते. एटीएची एकटी वापरली तर सुमारे १३७ जीबीपर्यंत. पण दोन्ही एकत्र आल्या की प्रत्येक घरात जो आकडा लहान तोच उरतो :

१०२४ सिलिंडर × १६ हेड × ६३ सेक्टर × ५१२ बाइट = ५२,८४,८२,३०४ बाइट.

म्हणजे जेमतेम ५२८ एमबी. दोन गटांनी आपापल्या परीने पुरेशी जागा ठेवली होती. एकमेकांना न विचारल्यामुळे भिंत उभी राहिली. बायोसमध्ये पत्त्याचे रूपांतर करून ही भिंत ओलांडली गेली, मग ८.४ जीबीची भिंत आली, आणि तीन आकड्यांऐवजी सेक्टरना सरळ ओळीने क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली.

त्या क्रमांकाला २८ बिट होते. २ चा २८ वा घात म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर. गुणिले ५१२ बाइट केले की १३७ जीबी. २००२ मधील एटीए-६ मानकाने ४८ बिट दिले आणि ही भिंतही पडली. त्यापूर्वीच्या पाटा लॅपटॉपला १६० जीबीची डिस्क लावली तर तो बहुधा १३७ जीबीच पाहतो. याहून वाईट म्हणजे, बायोस व ऑपरेटिंग सिस्टिम यांपैकी एकालाच ४८ बिट कळत असतील तर लिहिलेली माहिती भलत्याच जागी जाण्याचा धोका असतो.

यापुढची भिंत विभाजन तक्त्याची. जुन्या एमबीआर तक्त्यात ३२ बिटांचा पत्ता असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांत सुमारे २.२ टीबीच्या पुढे जाता येत नाही. नव्या जीपीटी तक्त्यात ही अडचण नाही. साटा असलेल्या लॅपटॉपमध्ये १ किंवा २ टीबीची डिस्क म्हणूनच सहसा निर्वेध चालते.

६. एकाच आकारात अधिक माहिती

आकार स्थिर राहिला आणि क्षमता वाढत गेली, ती पदार्थविज्ञानाच्या बळावर. १९९७ मध्ये आयबीएमने महाकाय चुंबकीय रोधावर आधारित हेड असलेली डिस्क विक्रीस आणली. या परिणामाच्या शोधासाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जपानच्या तोहोकु विद्यापीठातील शुनिची इवासाकी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली लंब चुंबकनाची कल्पना २००५ मध्ये तोशिबाच्या १.८ इंची डिस्कमधून बाजारात आली. लगेच पुढच्या वर्षी ती सीगेटच्या २.५ इंची डिस्कमध्ये उतरली.

यानंतरच्या दोन बदलांचा निवडीवर थेट परिणाम होतो.

पहिला बदल सेक्टरचा. २०१० च्या आसपास ५१२ बाइटांऐवजी ४०९६ बाइटांचे सेक्टर आले. बाहेरून मात्र डिस्क ५१२ चेच सोंग घेते. विंडोज एक्सपी पहिले विभाजन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक गट दोन खऱ्या सेक्टरांवर पसरतो आणि लिहिणे मंदावते. विंडोज व्हिस्टापासून विभाजन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते आणि हा प्रश्न मिटतो.

दुसरा बदल मार्गिकांचा. २०१३ पासून काही डिस्कमध्ये मार्गिका एकमेकींवर चढवून लिहिण्याची पद्धत आली. कौलारू छप्परासारखी ही रचना आहे : मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली कौले आधी उचलावी लागतात. माहिती एकदा लिहून पुष्कळदा वाचायची असेल तर ही डिस्क ठीक. पण ऑपरेटिंग सिस्टिम दिवसभर लहान-लहान लेखन करीत असते, आणि अशा कामात ती फार अडखळते. ७ मिलिमीटर जाडीच्या १ व २ टीबी डिस्कमध्ये ही पद्धत सर्रास आढळते. खोक्यावर तिचा उल्लेख बहुधा नसतो. २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाल्यावर उत्पादकांनी मॉडेलवार याद्या प्रसिद्ध केल्या. त्या पाहूनच खरेदी करावी.

७. फिरणे थांबले

फिरणाऱ्या डिस्कचे गणित एकदा करून पाहू. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्यास ११.१ मिलिसेकंद. हवे ते सेक्टर हेडखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात. हेड सरकण्यास १२ मिलिसेकंद धरले, तर एकूण १७.६. म्हणजे विखुरलेली माहिती सेकंदाला साठच्याही आत वेळा वाचता येते. फेरे ७२०० केले तरी केवळ दीड मिलिसेकंद वाचतो. १९८८ पासून क्षमता हजारो पटींनी वाढली, पण ही वाट पाहणे फारसे कमी झाले नाही.

उत्तर दुसऱ्या दिशेने आले. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती मांडली. १९९१ मध्ये सनडिस्क कंपनीने २० एमबीची एसएसडी विकली. तिची किंमत सुमारे १००० डॉलर होती. २००८ मध्ये इंटेलची ८० जीबीची एक्स२५-एम आली, आणि लॅपटॉपमालकाला एसएसडी हा खरा पर्याय वाटू लागला. ती २.५ इंची आकारात व साटा कनेक्टरसह आली, ही बाब आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची. आत फिरणारे काहीच नसताना तिला तबकडीच्या मापाचे घर घेण्याची गरज नव्हती. पण कोट्यवधी लॅपटॉपांत तो कप्पा तयार होता. त्या कप्प्यामुळेच जुन्या लॅपटॉपला नवे तंत्र मिळू शकले.

एसएसडीला माहिती मिळवण्यास सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. म्हणून सेकंदाला ३ गिगाबिटच्या जुन्या साटावरही ती लावली तरी यंत्र सुरू होण्याचा वेळ नजरेत भरेल इतका कमी होतो. एकसलग वाचनाचा कमाल वेग निम्मा मिळतो, हे खरे. रोजच्या कामात ते क्वचितच जाणवते.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडमध्ये महापूर आला. वेस्टर्न डिजिटलचे कारखाने आणि मोटर बनवणाऱ्या निडेकचे कारखाने पाण्याखाली गेले, आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले. तोवर फिरणाऱ्या डिस्क बनवणारे जगात थोडेच उरले होते. २०१२ नंतर सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा हे तिघेच राहिले. एसएसडीचे भाव मात्र पुढील वर्षांत उतरत गेले.

८. कप्पा नाहीसा होतो

साटाचा वेग अपुरा पडू लागल्यावर एसएसडीने जुने घर सोडले. आधी एमसाटा नावाची छोटी पट्टी आली आणि तिच्यानंतर एम.२. एम.२ हे नाव आकाराचे आणि खाचेचे आहे. त्यातून साटाही वाहते आणि एनव्हीएमईही. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ ची. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब. २२४२ आणि २२३० या आखूड पट्ट्या. एकाच खाचेत बसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक चालते आणि दुसरी यंत्राला दिसतही नाही, असे येथे घडू शकते. शिवाय जुन्या बायोसला एनव्हीएमईवरून सुरू होता येत नाही. म्हणून पट्टी बसते का, एवढ्यावर थांबू नये. खाचेत कोणता संकेत येतो हे यंत्राच्या सेवा-पुस्तिकेत पाहावे.

पुढची पायरी अधिक कठोर आहे. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकमध्ये फ्लॅश चिप मदरबोर्डवरच डाग देऊन बसवल्या आहेत. स्वस्त लॅपटॉपांतील ईएमएमसी साठवणही तशीच असते. तेथे बदली डिस्क ही संकल्पनाच उरत नाही. साठवण गेली की मदरबोर्ड बदलायचा, आणि त्याबरोबर आतली माहितीही गेली असे समजायचे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट येथील कारागीर कोणत्याही कंपनीची डिस्क कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपला लावू शकतात, ते सामायिक मानकामुळे. ते मानक गेले की कारागिराचे कौशल्य आणि मालकाचा हक्क दोन्ही आक्रसतात. लॅपटॉप विकत घेतानाच साठवण सुटी आहे का, हे विचारणे म्हणून गरजेचे आहे.

९. सारांश : निवडीचा क्रम

१. वय व जोडणी : ४४ पिनांची पाटा, साटा, एमसाटा की एम.२? एम.२ असल्यास संकेत साटाचा की एनव्हीएमईचा?
२. आकार व जाडी : जुनी डिस्क काढून मोजावी. शंका असल्यास ७ मिलिमीटरची घ्यावी.
३. क्षमतेची भिंत : साटा यंत्रात २ टीबीपर्यंत चिंता नको, पाटा यंत्रात १३७ जीबीची मर्यादा तपासावी.
४. प्रकार : ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एसएसडी घ्यावी. फिरणारी डिस्क केवळ स्वस्तात मोठी जागा हवी असेल तरच, आणि मार्गिका चढवलेल्या आहेत का हे पाहून.
५. वापरलेली डिस्क : ती किती तास चालली आहे आणि किती सेक्टर बदलले गेले आहेत, हे स्मार्ट नोंदींत पाहून मगच पैसे द्यावेत.
६. माहिती : जुनी डिस्क अजून वाचता येत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करण्याआधी प्रत काढावी. जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी ती पूर्ण पुसावी.

स्वाध्याय

१. बायोस व एटीए या दोन्हींच्या मर्यादा एकत्र आल्याने ५२८ एमबीची भिंत कशी निर्माण झाली, ते आकडेमोड करून दाखवा.
२. मिनिटाला ४२०० आणि ७२०० फेरे असलेल्या डिस्कसाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याचा वेळ काढा. यातून काय निष्कर्ष निघतो?
३. आपल्या किंवा मित्राच्या लॅपटॉपची सेवा-पुस्तिका मिळवून त्याला चालणाऱ्या बदली डिस्कचे वर्णन वरील सहा मुद्द्यांच्या आधारे लिहा.
४. "सामायिक मानकामुळे यंत्राचे आयुष्य वाढते." २.५ इंची आणि १.८ इंची डिस्कच्या इतिहासाच्या आधारे चर्चा करा.